अठ्ठावीस नंबरचं नाक

मागच्या दिवाळीत पुण्याची नात आली ती गळ्यात नवा कॅमेरा अडकवूनच. तिच्या आधीच्या कॅमेऱ्याचा डोळा म्हणे लहान होता, याचा मोठा. फुल-फ्रेम. पहिलटकरणीनं बाळ आजीच्या मांडीवर द्यावं तसा तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, जुन्यावर माझी पस्तीसची लेन्स होती. माझ्या डोळ्याला तीच सवयीची. याला पण पस्तीसच घेते. नंबर तोच म्हणजे फोटोही तसाच येणार ना?"

मी इतकी हसले की कवळी सुटायला आली. तिला वाटलं, म्हातारीला प्रश्नच कळला नाही. म्हातारीला फार चांगला कळला होता. तीस वर्षांमागं सांगलीतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटावर कोपर टेकून, एका बाईनं अगदी हेच वाक्य छाती पुढं काढून म्हटलं होतं. फक्त तिचा नंबर पस्तीस नव्हता, अठ्ठावीस होता.

ती बाई कशी होती ते आधी सांगते. मला तिच्याविषयी बोलायला फार आवडतं, कारण ती आता उलटून बोलू शकत नाही.

चाळिशीला टेकलेली, कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहणारी, नवरा पाटबंधारे खात्यात. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे हिचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर दोन खिळ्यांना लावलेली निळी चादर आणि एक स्टूल. पण दारावर पाटी अशी की वाटावं आत सिनेमाच निघतोय. कराडात फोटोवाले पुष्कळ होते, पण सगळे बाप्ये. डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू, नव्या नवरीची ओटी, असल्या बायकांच्या घोळक्यात त्यांना कोण बोलावणार? तिथं हिचं राज्य. आणि राज्य असलं की माणसाला कसं आपण राणी आहोत असं वाटायला लागतं, तसं हिला वाटायचं.

हिचा कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा होता. धाकट्या दिरानं सैन्यातून सुट्टीवर येताना आणलेला. एक फोटो रोलवर अर्धीच जागा खायचा, त्यामुळं छत्तीसच्या रोलमधून बहात्तर फोटो निघायचे. काटकसरीला झकास. फक्त रोल संपता संपायचा नाही. एका बाईचं डोहाळजेवण आणि त्याच बाळाचं बारसं असं एकाच रोलवर निघालेलं मी स्वतः धुऊन आणलं आहे. दुसरी गंमत म्हणजे तो कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा यायचा. आडवा फोटो हवा असेल तर कॅमेरा उभा धरायचा, आणि ते मला, म्हणजे त्या राणीला, कधी जमलं नाही, हात अवघडायचा. म्हणून माझ्या त्या दहा वर्षांच्या फोटोंमध्ये सगळं जग उभं आहे. पंगतसुद्धा उभी आहे. म्हणजे दोनच माणसं जेवताना दिसतात, आणि त्यांच्या डोक्यावर मांडवाचं सगळं छत.

माझ्या फोटोची ही रुंदी बायकांना पाठ झाली होती. माणसापासून हातभर लांब उभं राहिलं की आपण फोटोत येत नाही, हे शेजारच्या पोरींनाही ठाऊक. त्यामुळं मी फोटो काढायला लागले की चौकटीच्या बाहेर एक मंडळच उभं असायचं. कुणी नवरीचा पदर ओढून धरलेला, कुणी बाळाला खुळखुळा दाखवतंय, कुणी तोंडानं "हस की गं, हस की" करतंय. फोटोत त्यातलं काही यायचं नाही. फोटोत नवरी एकटीच, शहाण्यासारखी हसणारी.

त्या कॅमेऱ्याच्या काचेभोवती बारीक अक्षरांत अठ्ठावीस आकडा कोरलेला होता. तो लेन्सचा नंबर. त्याचा अर्थ काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. पण चपलेचा नंबर सांगावा तसा मी तो सगळ्यांना सांगायची. "माझ्या डोळ्याचा नंबर अठ्ठावीस." ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. त्यांना वाटायचं, मला चष्मा लागलाय.

त्या सुमाराला, म्हणजे नव्वदीच्या मध्यावर, आमच्याकडं माझी भाची राहायला होती. माझ्या मोठ्या नणंदेची मुलगी. नणंदेचं गाव पलूसच्या बाजूला, आणि पोरीचं कॉलेज कराडात, म्हणून मुक्काम मामाकडं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती. दुसरं वर्ष संपत आलेलं, शेवटचं राहिलेलं. तिला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. कुठून तरी रसाची गोडी मोजायची काचेची नळी तिनं पैदा केली होती, आणि शेजारीपाजारी जो ऊस तोडेल त्याच्याकडून दोन कांडी आणून, रस काढून, बाटल्यांत भरून ती मोजत बसायची. आमच्या मागच्या पडवीतलं टेबल त्या बाटल्यांनी भरलेलं. माझ्या मालकांच्या चहाची साखरसुद्धा ती एकदा मोजायला निघाली होती. "मामी," ती मला म्हणायची, "आपला ऊस वर्षानुवर्षं त्या गेटातून आत जातो. आपण कधी गेलो का?"

मी म्हणायची, "जाशील गं." आणि भाजी चिरायला लागायची. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडंच होतं.

मग एके दिवशी नणंदेचे मालक आले. त्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणायचो. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता ऊस आणि चार म्हशी. बोलणं अजून कवायतीसारखं. त्यांनी बसायच्या आधीच बातमी सांगितली. साताऱ्याकडचं स्थळ आलंय. मुलगा सैन्यात, घरचा ऊस, आई कर्ती. आणि मुलाला येत्या वैशाखात महिनाभर सुट्टी. आमच्याकडं हे असंच असतं. फौजीचं लग्न त्याच्या सुट्टीवर बेततात. बघणं, बैठक, सुपारी, हळद, सगळं त्या महिन्यात कोंबायचं आणि महिना संपला की नवरी सासरी, नवरा सीमेवर. पण इथं मुलगा वैशाखातच यायचा, म्हणून बघण्याच्या जागी फोटो. मुलीचा चांगला मोठा फोटो मुलाच्या आईकडं पोचता करायचा, ती तो पोस्टानं मुलाच्या युनिटला धाडणार, मुलगा तिकडून हो म्हणणार, की इकडं मांडव.

"वैनी," दाजी मला म्हणाले, "फोटो पुरा पायजे बगा. तुमचा त्यो अर्धा न्हाई चालायचा."

मी वरमायला हवं होतं. मी खूश झाले. कारण नवीन कॅमेऱ्याचं खूळ माझ्या डोक्यात वर्षभर होतंच. सांगलीच्या ज्या लॅबमध्ये मी रोल द्यायची तिथं नवीन मशीन आलं होतं, आणि त्या मशीनला माझे अर्धे फोटो वेगळे करता यायचे नाहीत. ते दोन-दोन जोडून छापायचं. एका लग्नात तर कागदाच्या एका अंगाला लाजलेली नवरी आणि दुसऱ्या अंगाला तोंडात पुरणपोळी कोंबलेला कुणाचा तरी मामा, मध्ये काळी रेघ, असा फोटो निघाला. नवरीच्या सासूनं तो परत पाठवला. मामानं मात्र मागून नेला.

दाजी गेल्यावर भाची स्वयंपाकघरात आली. वडिलांना ती एकदा बोलली होती की शेवटचं वर्ष होऊ द्या. ते म्हणाले होते, लग्नानंतर शीक की. लग्नानंतर कोण कोण शिकलं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मामी, फोटो तेवढा उशिरा काढा. वैशाख गेला म्हणजे माझं वर्ष वाचतंय."

आणि त्या चाळीस वर्षांच्या शहाणीनं तिला काय उत्तर दिलं? "अगं, घाबरतेस काय? असा फोटो काढते की पोरगा सुट्टी मागून आधीच पळत येईल."

पोरीनं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, लाजली.

दोन दिवसांनी मी सांगलीला गेले. सांगली माझं माहेर, त्यामुळं तिथं मी मलकापुरातल्यापेक्षाही शहाणी व्हायची. दुकानदारानं पूर्ण फ्रेमचा एक कॅमेरा काढला. कुणीतरी वापरलेला, पण धडधाकट. त्याच्यावर लेन्स मात्र वेगळी घ्यायची होती. त्यानं तीन आणून कपाटावर मांडल्या. एक पन्नासची, एक एकशेपस्तीसची लांबोडकी, आणि एक अठ्ठावीसची. "एकेक लावून बघा," तो म्हणाला.

बघते कशाला? दुकानात दोन कॉलेजची पोरं उभी होती. त्यांच्यासमोर डोळा लावून चाचपत बसणारी बाई मी नव्हते. अठ्ठावीस दिसल्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "दहा वर्षं अठ्ठावीसवर काढली. माझा नंबर आहे तो. नंबर तोच, तर फोटो तसाच येणार."

दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि अठ्ठावीस पटकन बांधून दिली. पुढं कळलं, ती त्याच्याकडं बरेच दिवस पडून होती.

आता यातली खुबी सांगते, कारण नातीलाही हीच सांगितली. कॅमेऱ्याच्या मागं फोटो उमटायची जी जागा असते, ती म्हणजे खिडकी. लेन्स तीच ठेवलीत आणि खिडकी दुप्पट मोठी केलीत, तर त्याच लेन्सनं दुप्पट अंगण दिसायला लागतं. जुन्या कॅमेऱ्यावर अठ्ठावीस म्हणजे साधी सरळ नजर होती. नव्यावर तीच अठ्ठावीस म्हणजे घरात शिरून दोन्हीकडचे कोपरे बघणारी चोंबडी शेजारीण. हे आज सांगतेय. त्या दिवशी एसटीत मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते आणि शेजारच्या बाईला माझ्या डोळ्याचा नंबर सांगत होते.

रविवारी सकाळी फोटो. नणंद आदल्या दिवशीच येऊन बसली होती. वन्सं अंगानं काडी. उन्हाळ्यात पंखा लावला की मला तिची काळजी वाटायची. पोरीला मोतिया रंगाची साडी नेसवली आणि उजेड चांगला म्हणून निळ्या चादरीऐवजी मागच्या पडवीत उभी केली. वन्सं नेहमीच्या जागी, म्हणजे पोरीपासून हातभर लांब, पदर सारखा करायला. पोरगी काही हसत नव्हती. म्हणून वन्सं हात पुढं करकरून तिला "हस, हस" अशा खुणा करत होती. सगळं रोजच्यासारखं.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि चमकले. पोरगी एवढीशी दिसत होती. मला वाटलं, नवा कॅमेरा माणसाला लहान करतो. असेल बाबा, मोठ्या वस्तूंचा काय नेम. म्हणून मी पुढं सरकले. अजून लहानच. अजून पुढं. शेवटी मी इतकी जवळ गेले की पोरीचा श्वास माझ्या हातावर लागायला लागला आणि ती मागं सरकायला लागली. "हलू नको," मी ओरडले आणि कॅमेरा सवयीप्रमाणं आडवा धरून फोटो काढला. आडवा धरला की फोटो उभा येतो, हे माझ्या हाताला दहा वर्षं ठाऊक होतं. या कॅमेऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

सांगलीहून फोटो मोठा करून आणला आणि आम्ही तिघी पडवीत बसून ते पाकीट उघडलं.

फोटो आडवा होता. मधोमध माझी भाची, आणि भाचीच्या मधोमध नाक. नाक असं पुढं आलेलं की वाटावं हातात धरता येईल. कान कुठं तरी लांब, पलूसकडं निघालेले. डाव्या कडेला एक अगडबंब बाई, दोन्ही अंगांनी फाकलेली, आणि तिचा सुपाएवढा हात फोटोत घुसलेला. ती आमची काडीसारखी वन्सं. पाठीमागं टेबल, टेबलावर रांगेनं बाटल्या, बाटल्यांत गढूळ पाणी, आणि उजव्या कोपऱ्यात माझ्या मालकांची वाळत घातलेली लुंगी. इतकी स्पष्ट, जणू लुंगीचाच फोटो काढायला आम्ही जमलो होतो.

वन्संनं त्या बाईवर बोट ठेवलं. "वैनी, ही मी?"

मला रडू येत होतं. स्टुडिओची पाटी आता उतरवावी लागणार, दाजी चार गावांत सांगणार, माझं राज्य संपलं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या सांगलीला जाते, लेन्स बदलून लांबोडकी आणते, नवीन फोटो काढते. वेळ होता. अजून वैशाखाला अवकाश होता.

तेवढ्यात आवाज आला. पोरगी हसत होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून, डोळ्यातून पाणी येईतो. मग फोटो दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "मामी, हाच पाठवा."

मी तिच्याकडं बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की इतके दिवस ही पोरगी माझ्याकडं काय मागत होती. मी तिला वर्षभर मदतच करत होते असं मला वाटायचं, आणि मी तर तिच्या मांडवाची मेढ रोवायला निघाले होते.

आता निवडायचं होतं. लेन्स बदलली तर माझी अब्रू राहत होती. नाही बदलली तर कदाचित तिचं वर्ष. मला फार वेळ लागला असं सांगितलं तर छान दिसेल, पण खोटं होईल. पोरगी अजून हसत होती, आणि त्या हसण्यापुढं पाटीची काय किंमत? वन्संकडं बघितलं. तिचा अजून स्वतःच्या हातावर विश्वास बसत नव्हता. पण पोरीची आई ती, पोरीचं हसणं तिनंही ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? फोटो तुमीच काढलाय."

दुसऱ्या दिवशी दाजी आले. फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "वैनी, ह्ये नाक?"

मी गंभीर झाले. "दाजी, जुना अर्धा होता, त्यात कधी सगळं आलंच नाही. हा पुरा आहे. तुम्हीच म्हणालात, पुरा पाहिजे."

दाजी फौजी माणूस. माणसाच्या बोलण्यापेक्षा यंत्रावर भरवसा जास्त. त्यांनी पोरीला समोर उभी केली. फोटोकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं. मग हळूच, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आसंल. पोरीच्या तोंडाकडं मी नीट कवा बगितलंय?"

हसू आवरायला मी आत पळाले आणि आत गेल्यावर हसूच आलं नाही. तिच्या आयुष्यातली पहिली सोळा-सतरा वर्षं हा माणूस बर्फात आणि वाळवंटात होता. लेक वाढली ती त्याच्या सुट्ट्यांच्या मधल्या अंतरात. बाहेर आले तेव्हा ते अजून तिच्याकडं बघत होते आणि ती, न लाजता, त्यांच्याकडं.

फोटो मात्र त्यांनी नेला. साताऱ्याला पोचता केला. आणि आम्ही मामी-भाची नकाराची वाट बघत बसलो.

नकार येईना. होकारही येईना. चैत्र संपत आला. दाजींनी दोनदा निरोप धाडला, तिकडून उत्तर नाही. पोरगी बाटल्या मोजायची आणि मी तिला उगाचच विचारायची, आज कुठला ऊस गोड?

मग एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि एक बाई उतरली. उंच, लुगड्याचा घट्ट कासोटा, हातात शेंगांची पिशवी. न विचारता आत आली, स्टुडिओतल्या स्टुलावर बसली आणि मग सांगितलं की ती मुलाची आई. एकटीच आली होती. असल्या कामाला बाई एकटी येत नाही, चार माणसं येतात. ही आली. मी पाणी आणायला गेले तर वन्संनंच, तेव्हा ती आमच्याकडंच होती, तांब्या हातात घेतला.

बाईनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. म्हणजे तो युनिटला गेलाच नव्हता. तिनं पोरीला बोलवायला लावलं. पोरगी मागून हात पुसत आली. बाईनं तिला पुढून बघितलं, उजेडाकडं वळवून बाजूनं बघितलं.

"ही न्हवं," ती म्हणाली.

"हीच," मी म्हटलं.

"मग ह्ये नाक कुनाचं?"

उत्तराची वाट न बघता बाईनं बोट डाव्या कडेवर नेलं. "आन ही जाडी बया कोन?"

वन्सं पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या समोरच उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर अंगाभोवती आवळून घेतला आणि आत निघून गेली.

"जाऊ द्या," बाई म्हणाली. "नाकाचं काय न्हाई. नाक आमच्यातबी लय मोठी हायती. माझं मन अडलं त्ये हितं." तिचं बोट मागच्या टेबलावर होतं. "ह्या बाटल्यांत काय हाय? फोटो बगितल्यापास्नं मला झोप न्हाई. पोराला धाडायचं धाडस हुईना. खरं सांगा. घरात दारू गाळता का?"

मी नवऱ्याची शपथ घ्यायच्या बेतात होते. पण पोरीनं वाट बघितली नाही. ती आत जाऊन एक बाटली आणि काचेची नळी घेऊन आली, बाईसमोर जमिनीवर बसली आणि बाटलीतला रस एका उंच ग्लासात ओतून त्यात नळी सोडली. नळी तरंगत उभी राहिली. कुठपर्यंत बुडाली त्यावरून गोडी कशी कळते, ते तिनं सांगितलं. कुठला ऊस लवकर तोडला तर किती कमी भरतो, तेही सांगितलं. बाई आधी वाकून बघत होती. मग स्टुलावरून उतरून खाली बसली. कासोटा घातलेली ती एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी ग्लासाला डोळा लावून बसली होती.

"म्हंजी कारखान्यात उसातल्या साखरंचा उतारा काढत्यात त्यो असा?"

"असाच. अजून बारीक. मोठी यंत्रं असतात तिथं."

"आमचा ऊस धा वर्सं जातुय," बाई म्हणाली. "ते कागद देत्यात, मी घडी घालून ठेवती. आत काय चालतं, कवा बगितलं न्हाई. तू हे शिकून तिथं बसनार?"

तेव्हा पोरीनं ते वाक्य म्हटलं, जे वडिलांना अर्धं म्हटलं होतं आणि मला खाली बघत. या वेळी समोर बघून म्हटलं, "माझं एक वर्ष राहिलंय. आधी ते पुरं करायचंय मला. मग बाकीचं."

आतल्या दारात वन्संची सावली दिसत होती. मला वाटलं, आता बाई शेंगांची पिशवी उचलणार.

बाईनं नळी ग्लासातून काढली, पदराला पुसली आणि पोरीच्या हातात दिली. "मग कर की," ती म्हणाली. "माजं पोरगं कुटं पळून चाललंय? सरकारनं बांदून ठेवलंय त्याला. फुडच्या सुट्टीत बगू."

शेंगा तिनं ठेवल्या. फोटो मात्र परत नेला. म्हणाली, आता पोराला धाडते, बाटल्यांत काय आहे ते मागं लिहून.

दाजींना हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी शब्द जुळवत होते, पण मुलाच्या आईनंच थांबायला सांगितलंय म्हटल्यावर त्यांचं कवायतीतलं बोलणं एकदम विश्राम झालं. ते पोरीला म्हणाले, "अर्ज भर शेवटच्या वर्साचा." आणि जाता जाता मला म्हणाले, "वैनी, क्यामेरा बराय तुमचा. पर जरा लांबनं काढत जावा."

पाटी काही उतरवावी लागली नाही. उलट गंमतच झाली. ही हकिगत बायकांत पसरली आणि पुढच्या वर्षभरात तीन पोरी माझ्याकडं वेगवेगळ्या येऊन, दार लावून घेऊन, हळूच म्हणाल्या, "मावशी, माझाबी त्या अठ्ठावीसनं काढा." मी कुणाला नाही म्हटलं नाही. आवडलेल्या स्थळासाठी म्हणून मग ती लांबोडकी एकशेपस्तीस पण घेतली. तिनं नाक जागच्या जागी बसतं आणि मागच्या लुंगीचा नुसता धूर होतो. या वेळी दुकानात मी तिन्ही लेन्स लावून, दाराबाहेर जाऊन, रस्त्यावरच्या केळीवाल्याकडं, त्याच्या गाडीकडं, गाडीवरच्या माशीकडं बघून आले. दुकानदार कंटाळला. कंटाळू दे.

पोरगी पास झाली. कारखान्यात लागली. पहिल्या दिवसाचा फोटो मी अठ्ठावीसनंच काढला, पांढऱ्या कोटात ती आणि तिच्यामागं तिची अख्खी प्रयोगशाळा. चांगली लांब उभी राहून काढला. तिथं ती चोंबडी शेजारीण अगदी शहाण्यासारखी वागली, एक बाटलीसुद्धा सोडली नाही.

फौजी पुढच्या सुट्टीत आला. बघायला म्हणून आला तेव्हा वर्दीच्या खिशातून त्यानं तोच फोटो काढला, कोपरे दुमडलेले. त्यानं आधी पोरीकडं बघितलं नाही, मला विचारलं, "मामी, ह्यो तुमी काढला?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आमच्या तंबूत वरीसभर लावला हुता. ड्यूटीवरनं आलं की समदी आधी ह्यो बगायची. लय हसवलंय ह्यानं आमाला." मग त्यानं पोरीकडं बघितलं, आणि तीच आधी हसली. दोघं पडवीत बाटल्यांपाशी बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नाही. मी खिडकीपाशी होते, पण कुकरनं ऐकू दिलं नाही.

लग्न अजून एका सुट्टीनंतर झालं. घाई कुणालाच नव्हती.

त्या लग्नातला सगळ्यांचा मिळून फोटो माझ्याकडं अजून आहे, तो मी नातीला दाखवला. दोन्ही घरची माणसं, म्हणजे पन्नासच्या वर, म्हणून अठ्ठावीसशिवाय इलाज नव्हता. मी स्टुलावर चढून सगळ्यांना म्हटलं, पसरून उभे राहा, कडेपर्यंत या. तर कुणी कडेला जाईना. कडेला काय होतं ते आता दोन्ही गावांना माहीत झालं होतं. बायका एकमेकींना ढकलत मधोमध घुसत होत्या, आणि सगळ्यांत पुढं वन्सं. आयुष्यभर फोटोच्या बाहेर उभी राहून पदर सारखे करणारी ती बाई नवरा-नवरीच्या मधे हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, आदी मला बगा, मी बरोबर दिसती का? मग काडा."

शेवटी एका कडेला दाजी गेले आणि दुसऱ्या कडेला मुलाची आई. "आमी हिकडनं धरतो," ती म्हणाली, "तुमी तिकडनं धरा."

दोघंही फोटोत चांगली ऐसपैस आली आहेत.